भागाकार केला की उत्तर वाढते, तेव्हा...

सहा किलो संत्रा बर्फी आहे. पाव किलोचे किती डबे भरतील? नागपूरच्या कोणत्याही मिठाईच्या दुकानातला कामगार कागद न घेता सांगेल, २४. हाच प्रश्न वहीत ‘६ ÷ ०.२५’ असा लिहिला, की अनेक मुले १.५ असे उत्तर काढतात. चूक आकडेमोडीतली नाही, समजुतीतली आहे. ‘भागले की कमी होते’ हे डोक्यात पक्के बसल्याने २४ हे उत्तर त्यांना चुकीचे वाटते आणि नकळत भागाकाराऐवजी गुणाकार होतो.

दशांश चिन्ह का सरकते?

वर्गात सांगितले जाते, ‘दोन्हीकडचे चिन्ह दोन घरे उजवीकडे न्या.’ का, ते बहुधा सांगितले जात नाही. कारण सोपे आहे. सहा किलो म्हणजे ६००० ग्रॅम, पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम. ६००० ÷ २५० बरोबर २४. एकक बदलले, बर्फी आणि डबे तेवढेच राहिले. दोन्ही संख्या १०० पट केल्या तरी हेच होते : ६०० ÷ २५ बरोबर २४. एकपेक्षा लहान संख्येने भागले की उत्तर वाढणारच, कारण तुकडे लहान तितकी त्यांची संख्या जास्त.

जुन्या पिढीला हे शिकवावे लागत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १६ आण्यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. हिशेब सोपा झाला, हे खरेच. पण पाव म्हणजेच ०.२५ ही ओळख मात्र वर्गात मागे पडली.

‘कंचेभागुबेव’चा अर्धा अर्थ

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शाळेत पाठ केलेला हा क्रम स्पर्धा परीक्षेपर्यंत साथ देतो आणि तिथेच दगाही देतो. अनेकांना वाटते, बेरीज नेहमी वजाबाकीच्या आधी करायची. खात्यात ५०० रुपये आहेत. १२५.५० काढले, ७५.२५ जमा केले. मांडणी होते ५०० − १२५.५० + ७५.२५. बेरीज आधी केली तर उरतात २९९.२५ रुपये. खरी शिल्लक ४४९.७५. जमा केलेले पैसेच वजा झाले, म्हणून फरक १५०.५० म्हणजे जमा रकमेच्या बरोबर दुप्पट.

नियम असा आहे : बेरीज व वजाबाकी समान दर्जाच्या, डावीकडून उजवीकडे करायच्या. भागाकार-गुणाकाराचेही तसेच. २०१९मध्ये जगभर फिरलेल्या ‘८ ÷ २(२ + २)’ या कोड्यात डावीकडून गेले की १६ येतात, तर २(२ + २) एकत्र धरणाऱ्यांना १ मिळतो. भांडण गणिताचे नव्हते, अर्धवट लिहिण्याचे होते. आणखी एक कंस घातला असता तर वादच उरला नसता.

मोबाइल आणि गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर

चाळीस रुपयांचा चहा आणि तीस रुपयांच्या तीन प्लेट तर्री-पोहे. ‘४० + ३० × ३’ हे मोबाइलवर टाका, बहुतेक फोन १३० दाखवतील. गल्ल्यावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर हीच बटणे त्याच क्रमाने दाबली, तर तो बहुधा २१० दाखवेल. कारण तो प्रत्येक क्रिया येईल तशी उरकतो. यंत्र खोटे बोलत नाही, पण क्रम कोणाचा पाळायचा हे वापरणाऱ्याला ठाऊक हवे.

म्हणूनच सूत्र घोकून घेण्याआधी मुलांना एक सवय लावायला हवी : उत्तर काढण्यापूर्वी अंदाज. सहा किलोतून पाव किलोचा दीडच डबा कसा निघेल? पैसे भरल्यावर शिल्लक कमी कशी होईल? हा प्रश्न ज्याला पडतो, त्याची चूक वहीतच पकडली जाते. बहुपर्यायी परीक्षेत मात्र १.५ आणि २९९.२५ हे पर्याय म्हणून समोरच छापलेले असू शकतात. तिथे पाठांतर खूण करून मोकळे होते, समज थांबून पुन्हा पाहते. शाळांनी पाचवी-सहावीतच दशांशाची सुरुवात तराजू आणि पासबुकापासून केली, तर ‘कंचेभागुबेव’ पाठ करण्याचे ओझे राहणार नाही.