वहीतला चौथा रकाना

यंदा श्रावणात एका निवृत्त परिचारिकेच्या मयतीला गेलो होतो. मिशन दवाखान्यात तिची सगळी नोकरी झाली. गावातल्या निम्म्या घरांतली बाळंतपणे तिच्या हातची. बारीक पाऊस लागला होता, पेटी रुग्णवाहिकेत होती आणि आम्ही पंचवीस-तीस माणसे कबरस्तानाच्या फाटकाशी खोळंबलो होतो. साठी उलटल्यावर ती आईवडिलांच्या मंडळीतून निघून घराजवळच्या एका लहान प्रार्थना मंडळीत जाऊ लागली होती. त्या मंडळीला स्वतःची दफनभूमी नाही. जुन्या मंडळीच्या कमिटीने वही उघडली, सभासदत्वाचे पत्र मागितले, थकलेली वर्गणी काढली. दुपारी दोनला द्यायची माती संध्याकाळी सहाला दिली गेली, तीही कॅथलिकांच्या जागेत. तिथल्या फादरांनी फोनवर एकच विचारले, "किती वाजता आणता?"

त्या वहीत चौथा रकाना ‘मंडळी’ असा आहे. वीस वर्षांपूर्वी वही छापून घेतली तेव्हा कमिटीवर मीही होतो. रकाना कोणी सुचवला ते आठवत नाही. मी हरकत घेतली नाही, हे मात्र पक्के आठवते.

दिवाळी अंकाचे पहिले पान मयतीने उघडावे का, यावर सहकाऱ्यांशी बराच वाद झाला. पण अंकाचा विशेष विभाग मराठी ख्रिस्ती समाजावर आहे, आणि त्या समाजातला माणूस म्हणून मला आज दुसरे काही लिहिता येत नाही. आमच्या शेजाऱ्यांना, ज्यांच्याकडून दर दिवाळीला फराळाचे ताट येते आणि नाताळात ज्यांच्याकडे आमच्या करंज्या जातात, त्यांना आम्ही सगळे एकच वाटतो. कोण कॅथलिक, कोण मेथडिस्ट, कोण नाझरीन, हे त्यांना माहीत नसते. त्यांचे काही चुकत नाही.

आम्ही या मंडळ्यांत आलो कसे, हे एकदा नीट पाहायला हवे. माझे पणजोबा काँग्रिगेशनल झाले ते चर्चच्या कारभाराविषयी त्यांची काही मते होती म्हणून नव्हे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला आले आणि पणजोबांचे गाव नगर जिल्ह्यात होते, म्हणून. तेच गाव नाशिककडे असते तर चर्च मिशनरी सोसायटीमुळे ते अँग्लिकन झाले असते. कोल्हापूरकडे असते तर प्रेसबिटेरियन, जालन्याला स्कॉटिश मिशनचे, बुलढाण्याला नाझरीन आणि वसईला पोर्तुगीज काळापासूनचे कॅथलिक. मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. एकाने दुसऱ्याच्या क्षेत्रात शिरू नये असा त्यांचा रिवाज होता, आणि जिथे तो मोडला तिथे कटुता आली. बोस्टन, एडिंबरो आणि लंडन इथल्या कचेऱ्यांनी आखलेल्या त्या हद्दी आमच्या आजोबांनी श्रद्धा म्हणून सांभाळल्या, आणि आम्ही त्या कबरस्तानाच्या फाटकापर्यंत आणल्या.

या हद्दी पुसण्याचा मोठा प्रयत्न याच महाराष्ट्रात झाला. २९ नोव्हेंबर १९७०, रविवार. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चे एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. अँग्लिकन चर्च, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांचे आधीच एक झालेले संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, डिसायपल्स. बोलणी १९२९ पासून चालली होती. दक्षिणेत हेच काम १९४७ सालीच झाले होते. उत्तरेत ते लांबले त्याचे एक कारण बाप्तिस्म्याचा प्रश्न होता. बाळाला बाप्तिस्मा द्यावा, की माणसाने समजून उमजून तो घ्यावा? यावर युरोपात माणसे मारली गेली आहेत. नागपूरने दोन्ही रीती मान्य केल्या. ज्या पाळकाचे मन बालबाप्तिस्म्याला घेत नाही त्याच्यावर सक्ती नको, त्याने तेवढ्यासाठी दुसऱ्या पाळकाला बोलवावे, अशी सोय ठेवली. आपल्याला न पटलेली गोष्ट शेजाऱ्याला मिळावी म्हणून आपणच माणूस बोलवायचा. सहभागितेचा याहून चांगला अर्थ मला कोणत्याही प्रवचनात सापडलेला नाही.

अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च ऐन वेळी बाहेर राहिले, ते आजही वेगळे आहे. आत आलेल्यांचेही सारे सुरळीत झाले नाही. गुजरातेतल्या ब्रदरेन मंडळीच्या मिळकतीचा वाद कोर्टात गेला आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एकीकृत चर्चच्या विरोधात लागला. एकीचा ठराव झाला होता, पण ट्रस्टच्या कायद्याप्रमाणे मिळकत एक झालीच नव्हती. माझ्या मते आमचे खरे दुखणे तिथेच आहे. आम्ही प्रार्थनेत एक होतो. जमीन, इमारती, वर्गणी, शाळेच्या जागा आणि कबरी यांचा विषय निघाला की आपापल्या मिशनचे होतो. दर जानेवारीत १८ ते २५ तारखेला ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह होतो. पाळक एकमेकांच्या व्यासपीठावर जातात, चहा होतो, फोटो निघतो. सप्ताह हवाच. पण ज्याच्यासोबत चहा घेतला त्याच्या मंडळीतली विधवा आजारी पडली तर ती माझीही जबाबदारी आहे का, याचे उत्तर त्या फोटोत नसते.

हे उत्तर आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात अँग्लिकन चर्चमध्ये झाला, तरी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला त्यांनी स्वतःला बांधू दिले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, १९०० साली गुजरातेतल्या मुली आणल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा दिला. तिथे आधी भाकरी मिळत होती. नारायण वामन टिळकांनी तर १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बसणार होते. १९१९ साली टिळक गेले आणि दरबाराची कल्पना फारशी वाढली नाही. त्यांची भजने मात्र ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून अनेक मंडळ्यांत दर रविवारी म्हटली जातात. गाणाऱ्याला ती कोणत्या पंथाची हा प्रश्न पडत नाही. माझ्या घरात बायबल सोसायटीच्या बायबलाशेजारी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ आहे, आणि माझी कट्टर प्रोटेस्टंट आई म्हातारपणी तेच वाचत असे, कारण त्यातले मराठी तिला जवळचे वाटे.

सिद्धान्त सोडा, असे मी म्हणत नाही. प्रभुभोजनाविषयी कॅथलिकांचे आणि आमचे मत एक नाही. ते उद्या एक होणार नाही, आणि ओढूनताणून एक झाल्याचे नाटकही करू नये. पण फाटकाशी थांबलेल्या रुग्णवाहिकेचा सिद्धान्ताशी काही संबंध नव्हता.

वाचकहो, आपल्यापैकी जे कोणत्याही मंडळीच्या पास्टोरेट कमिटीवर किंवा दफनभूमीच्या कामात असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. नाताळच्या तयारीची बैठक भरेल तेव्हा ती वही मागवा आणि ‘मंडळी’ हा रकाना काट मारून बंद करा. आमच्या गावच्या कमिटीला तसे पत्र मी हा अंक छपाईला जाण्याआधी दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.