श्रीहरिकोट्याचा ताळेबंद आणि सिल्लोडचे शिवार

श्रीहरिकोटा म्हटले की आपल्याला टीव्हीवरची उलटी मोजणी, धुराचा लोट आणि टाळ्या वाजवणारे शास्त्रज्ञ आठवतात. उड्डाण यशस्वी झाले की एक दिवस अभिमानाचा, फसले की एक दिवस हळहळीचा. दुसऱ्या दिवशी आपण मक्याचा, कापसाचा, मिरचीचा भाव पाहायला मोकळे. सिल्लोडच्या शेतकऱ्याचा आणि आंध्र प्रदेशातल्या त्या बेटाचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. २०२५ या एका वर्षाचा हिशेब मांडला तर मात्र हा संबंध सातबाऱ्याइतका जवळचा निघतो.

श्रीहरिकोटा हे पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधले लांबट बेट, चेन्नईच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथून पहिले छोटे रोहिणी अग्निबाण उडाले. १० ऑगस्ट १९७९ रोजी उपग्रह कक्षेत नेण्याचा पहिला प्रयत्न झाला, तो फसला. १८ जुलै १९८० रोजी तो साधला. तिथपासून मोजत आले तर २९ जानेवारी २०२५ चे उड्डाण या तळावरचे शंभरावे.

उड्डाण तळ म्हणजे नुसता उंच मनोरा नव्हे. रॉकेटच्या पोटात घन इंधन भरणे, टप्पे एकमेकांवर चढवणे, हवामानावर, विशेषतः विजांवर नजर ठेवणे, रडारने मार्ग टिपणे, रॉकेटकडून येणारा प्रत्येक आकडा नोंदवणे, मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा आणि विमानांना त्या पट्ट्यातून न उडण्याचा इशारा देणे, ही सगळी त्याची कामे. रॉकेट वाट सोडून वस्तीकडे वळू लागले तर ते हवेतच नष्ट करण्याचा अधिकार असलेला सुरक्षा अधिकारीही तेथे बसलेला असतो. ही खबरदारी किती गरजेची आहे हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूचे भले मोठे कडे येऊन पडले होते. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

आता वर्षाचा हिशेब. २०२५ मध्ये श्रीहरिकोट्यावरून उपग्रह घेऊन पाच रॉकेटे निघाली.

शंभराव्या उड्डाणात जीएसएलव्हीने एनव्हीएस-०२ हा ‘नाविक’ मालिकेतला दिशादर्शक उपग्रह व्यवस्थित सोडला. पण उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर पोचवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि तो लंबगोल कक्षेतच अडकून पडला. १८ मे रोजी पहाटे पीएसएलव्ही-सी६१ ‘ईओएस-०९’ हा रडार उपग्रह घेऊन निघाले. तिसऱ्या टप्प्यात मोटरमधला दाब घसरला आणि मोहीम संपली. ३० जुलैला जीएसएलव्हीने नासा आणि इस्रोने मिळून बनवलेला ‘निसार’ कक्षेत नेला. २ नोव्हेंबरला एलव्हीएम-३ ने ४,४१० किलोंचा सीएमएस-०३ हा दळणवळण उपग्रह सोडला. २४ डिसेंबरला त्याच जातीच्या रॉकेटने सुमारे ६,१०० किलोंचा अमेरिकी ‘ब्लूबर्ड’ उपग्रह नेला. भारतीय भूमीवरून उचललेले हे आजवरचे सर्वांत मोठे वजन. त्या दिवशी वाटेत दुसऱ्या अवकाशवस्तूशी गाठ पडण्याची शक्यता दिसली म्हणून उड्डाण ९० सेकंद पुढे ढकलले गेले. तळावरचे लोक किती बारकाईने काम करतात, ते यावरून कळावे.

म्हणजे पाचपैकी चार रॉकेटांनी आपले काम चोख केले, पण ठरल्या ठिकाणी पोचले ते तीनच उपग्रह. आणि नव्या वर्षाच्या १२ जानेवारीला पीएसएलव्ही-सी६२ उडाले, तेही तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस भरकटले. ‘ईओएस-एन१’ आणि त्याच्यासोबतचे १५ छोटे उपग्रह गेले. १९९३ पासून ज्या रॉकेटच्या भरवशावर चांद्रयान-१ आणि मंगळयान निघाले, ते लागोपाठ दोनदा एकाच टप्प्याशी अडखळले.

यात सिल्लोडचे काय गेले? ते कळायला रडार उपग्रह म्हणजे काय हे समजून घ्यावे लागेल.

साधा उपग्रह कॅमेऱ्यासारखा असतो. त्याला उजेड हवा आणि मध्ये ढग नकोत. आपला खरीप हंगाम नेमका ढगांचा. जून ते सप्टेंबर, ज्या दिवसांत पिकाचे काय चालले आहे हे पाहायचे, त्याच दिवसांत कॅमेऱ्यासमोर पांढरा पडदा. रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि जमिनीवरून परत आलेल्या लहरी टिपतो. त्याला रात्र आणि ढग यांचे वावडे नाही. साचलेले पाणी या लहरी आरशासारख्या दुसरीकडे परतवते, म्हणून चित्रात ते काळे दिसते. ओली माती कोरड्या मातीपेक्षा उजळ दिसते. आडव्या पडलेल्या मक्यावरून आणि उभ्या मक्यावरून येणारा प्रतिसाद सारखा नसतो. म्हणजे पूर्णा, खेळणेच्या काठचे कोणते शिवार किती दिवस पाण्याखाली होते, हे ढगांच्या वरून सांगता येते.

सप्टेंबर २०२५ आठवा. मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार झाला. उभी पिके गेली, काही ठिकाणी मातीच खरवडून गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. पण मदतीच्या यादीत नाव येण्यासाठी पंचनामा हवा, आणि तो करायला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी बांधावर पोचायला हवे. रस्ते तुटलेले, गावे अनेक, माणसे मोजकी. पंचनामा होईपर्यंत पाणी ओसरते, शेतकरी रान मोकळे करू लागतो आणि मग ‘नुकसान दिसत नाही’ यावरून वाद सुरू होतो. आपल्याकडच्या प्रत्येक तहसील कार्यालयाने हे वाद पाहिलेले आहेत.

पीकविम्याची गोष्टही याच वळणाची. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपात बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर येऊन ठेपली. देशपातळीवर २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाचे उत्पादन ठरवताना उपग्रह आणि इतर तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचे धोरण आले. ही दिशा कायम राहणार. उद्या सिल्लोडच्या शेतकऱ्याच्या खात्यात किती पैसे यायचे, हे ठरवण्यात आकाशातल्या डोळ्याचा वाटा वाढत जाणार. तो डोळा भरवशाचा आहे का, हा म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांचा प्रश्न राहात नाही.

आपल्याकडे २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ हा रडार उपग्रह आहे. ईओएस-०९ त्याच्या जोडीला जायचा होता. निसार गेला, ही मोठी जमेची बाजू. त्याची बारा मीटर व्यासाची जाळीदार अँटेना १५ ऑगस्टला उलगडली. तो दर १२ दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहतो आणि त्याची माहिती सर्वांना फुकट मिळणार आहे. पण बारा दिवस आणि पूर यांचे गणित नीट बघा. शेतातले पाणी कित्येकदा दोन-तीन दिवसांत उतरते. उपग्रह परवा येऊन गेला आणि पाऊस काल पडला, तर त्याची पुढची फेरी येईपर्यंत पाण्याचा पुरावाच उरत नाही. एक डोळा नेहमी वेळेवर पोचू शकत नाही. जोडीला दुसरा-तिसरा असेल तरच पूर असताना पूर दिसतो. १८ मे रोजी समुद्रात गेलेल्या उपग्रहाची उणीव ती हीच.

येथे आमचा मूळ मुद्दा येतो. रॉकेट फसते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जगातल्या प्रत्येक अवकाश संस्थेने रॉकेटे गमावली आहेत. प्रश्न आहे तो नंतर काय करायचे याचा. १९७९ चे पहिले उड्डाण फसले तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली. आज तळाला त्यांचेच नाव आहे. ही परंपरा अलीकडेपर्यंत चालू होती. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही फसले, तेव्हा द्रव हायड्रोजनच्या टाकीच्या झडपेतून गळती होऊन दाब पुरेसा राहिला नाही, हे इस्रोने लोकांना सांगितले. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले, तेव्हा टप्पा सुटतानाच्या कंपनांनी त्वरणमापक यंत्रे क्षणभर गोंधळली, हेही दुसऱ्या उड्डाणाआधी जाहीर केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते दुसरे उड्डाण यशस्वी झाले.

पीएसएलव्ही-सी६१ च्या बाबतीत तसे घडले नाही. चौकशी समिती नेमली गेली, पण सी६२ उडण्याआधी तिचा सविस्तर अहवाल लोकांसमोर ठेवला गेला नाही. त्यानंतर तोच टप्पा पुन्हा दगा देऊन गेला. दोन्ही बिघाडांचे कारण एकच आहे असे आम्ही म्हणत नाही. ते सांगणे तज्ज्ञांचे काम. पण ते सांगितले गेले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आरोग्य खात्याचे उदाहरण घ्या. एखाद्या गरोदर मातेचा बाळंतपणात मृत्यू झाला, तर ‘माता मृत्यू अन्वेषण’ होते. रक्त वेळेवर मिळाले का, रुग्णवाहिका कुठे अडकली, धोक्याची लक्षणे कुणाच्या नजरेतून सुटली, हे टप्प्याटप्प्याने तपासले जाते. कुणाला फासावर चढवणे हा त्याचा हेतू नसतो, पुढची माता वाचावी हा असतो. कारण दाबून ठेवले तर पुढच्या बाळंतपणात तीच चूक वाट पाहत बसलेली असते. रॉकेटला हाच न्याय लागू आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते: हे उपग्रह संरक्षणाशी निगडित आहेत, सगळे उघड करता येत नाही. उपग्रह काय पाहतो, किती बारीक पाहतो, हे गुप्त ठेवावे. त्याला आमची हरकत नाही. पण घन इंधनाच्या मोटरचा दाब का घसरला, हे रॉकेटचे दुखणे आहे, उपग्रहाचे गुपित नाही. शिवाय पीएसएलव्ही आता सरकारी चौकटीबाहेरही जात आहे. पाच रॉकेटे बनवण्याचे कंत्राट हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या गटाकडे आहे. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आणि विक्रोळीतले गोदरेजचे कारखाने वर्षानुवर्षे इस्रोच्या रॉकेटांचे भाग बनवत आले आहेत. इतके हात लागतात तेथे दोष कुठे आहे हे स्पष्ट सांगणे त्या कामगारांच्या प्रतिष्ठेसाठीही गरजेचे आहे. नाहीतर संशय सर्वांवरच राहतो.

तळाचा विस्तारही होतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने श्रीहरिकोट्यात तिसऱ्या उड्डाण मंचासाठी सुमारे ३,९८५ कोटी रुपये मंजूर केले. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम येथे छोट्या रॉकेटांसाठी दुसरा तळ उभा राहत आहे. श्रीहरिकोट्यावरून ध्रुवीय कक्षेकडे जाताना श्रीलंका टाळण्यासाठी रॉकेटला वळसा घ्यावा लागतो आणि त्यात इंधन जाते. नव्या तळावरून सरळ दक्षिणेला जाता येईल. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण नवा मंच बांधून जुना बिघाड दुरुस्त होत नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, सी६१ आणि सी६२ च्या चौकशीचे निष्कर्ष, गोपनीय भाग वगळून, पुढच्या पीएसएलव्हीच्या आधी जाहीर व्हावेत. दुसरी, ईओएस-०९ ची जागा भरून काढणारा रडार उपग्रह कधी जाणार, हे संसदेत सांगितले जावे. तिसरी राज्य सरकारसाठी: निसारची माहिती फुकट आहे, पण ती तहसीलपर्यंत आपोआप चालत येणार नाही. पावसाळ्याआधी तालुका कृषी कार्यालयात गट क्रमांकानुसार पाणी साचल्याचे नकाशे पोचण्याची व्यवस्था करावी, ते वाचायला माणसे शिकवावीत आणि ते नकाशे शेतकऱ्यालाही पाहता यावेत. विमा कंपनीकडे एक नकाशा आणि शेतकऱ्याकडे रिकामे हात, असे होता कामा नये.

बांधावरचा पंचनामा संपणार नाही आणि संपूही नये. मिरचीच्या मुळाशी पाणी लागून रोप कोमेजले की नाही, हे शेवटी माणसालाच पाहावे लागते. उपग्रह त्या माणसाचा साक्षीदार आहे. साक्षीदार वेळेवर हजर राहावा एवढीच शेतकऱ्याची अपेक्षा आहे, आणि तो का हजर राहू शकला नाही हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. येत्या जूनमध्ये सिल्लोडच्या शिवारात पुन्हा मक्याचे बी पडेल. त्याआधी श्रीहरिकोट्याने गेल्या वर्षाचा ताळेबंद देशापुढे मांडावा.