दहा श्वासांची सुट्टी

सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी गृहपाठ आणि रात्री जेवताना उद्याच्या चाचणीची आठवण! त्यात कुणी म्हणालं, “रोज ध्यान करा,” तर तुम्ही विचारणारच, “वेळ कुठाय?”

खरंय. पण एक गंमत करा. शांत बसून एका मिनिटातले आपले श्वास मोजा. साधारण १२ ते २० भरतील. म्हणजे दहा श्वासांना एक मिनिटही लागत नाही! एवढी फट दिवसात सापडतेच. डबा उघडण्याआधी, बसची वाट पाहताना (डोळे मात्र उघडे हं!), नाहीतर प्रश्नपत्रिका हाती पडण्याआधीच्या त्या जीवघेण्या पाच मिनिटांत.

करायचं काय? पाठ ताठ, खांदे सैल. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही. तो नाकातून येतो-जातो, तिकडे नुसतं लक्ष ठेवायचं. बाहेर पडला की एक, मग दोन, असं दहापर्यंत. श्वासाकडे असं नुसतं लक्ष ठेवण्याला ‘आनापान’ म्हणतात. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यना शिकवतात, तिची सुरुवात यानेच होते.

चौथ्या श्वासालाच मन क्रिकेटच्या मैदानावर पळेल. पळू दे! “मला जमतच नाही,” म्हणून रागावू नका. ते पळालं हे कळलं, तिथेच निम्मं काम झालं. त्याला हळूच परत आणा आणि पुन्हा एकपासून मोजा. हे परत आणणं हाच तर व्यायाम!

आणखी एक युक्ती. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून पेपरआधी धडधडलं, तर श्वास जरा सावकाश सोडा. बरं वाटेल.

अर्थात, न वाचलेला धडा काही दहा श्वासांनी येणार नाही! आणि रात्र-रात्र झोप लागत नसेल, सारखी भीती वाटत असेल, तर एकट्याने श्वास मोजत बसू नका. आईबाबांना सांगा, नाहीतर आवडत्या बाईंना किंवा सरांना. त्यात लाजायचं काहीच नाही.

तर या आठवड्यात एकच फट निवडा आणि सात दिवस तीच पाळा. कोणती निवडताय?