पाचशे आठ कोटी आणि एक पक्के घर

दुर्गहून रायपूरकडे जाताना मुंबई-हावडा लोहमार्गावर भिलाईची स्थानके एकामागून एक लागतात. पोलाद कारखान्याच्या आखीव वसाहतीचे वैभव पहिल्या दोन स्थानकांपाशी संपते. त्यानंतर येणारे भिलाई-३ हे रेल्वेच्या यार्डाच्या आणि राष्ट्रीय महामार्गाच्या आधाराने वाढलेले, काहीसे विस्कळीत गाव. २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या आठवड्यात, मी एका जुन्या सहकाऱ्याकडे तेथे मुक्कामाला होतो. त्याच्या घरापासून फार दूर नसलेल्या पदुमनगरात राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांचे निवासस्थान आहे, आणि त्या दिवसांत देशभरच्या दूरचित्रवाहिन्यांवर त्यांच्या नावापुढे एकच आकडा झळकत होता : पाचशे आठ कोटी.

आकड्याचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. छत्तीसगडमध्ये ७ आणि १७ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत मतदान होते. पहिल्या टप्प्याच्या चार दिवस आधी, ३ नोव्हेंबरला, सक्तवसुली संचालनालयाने जाहीर केले की रोख रकमेसह पकडलेल्या एका इसमाच्या जबाबानुसार ‘महादेव’ या सट्टेबाजीच्या ॲपच्या चालकांनी मुख्यमंत्र्यांना आतापर्यंत सुमारे ५०८ कोटी रुपये दिले, आणि हा चौकशीचा विषय आहे. बघेल यांनी आरोप साफ फेटाळला. हे ॲप चालवण्याचा आरोप असलेले तरुण मूळचे भिलाईचेच, त्यामुळे बातमीला गावकीचा रंगही होता. तत्पूर्वी २ सप्टेंबरला अमित शहा यांनी रायपुरात राज्य सरकारविरुद्ध रीतसर ‘आरोपपत्र’ प्रसिद्ध केले होते. कोळसा वाहतुकीवरची वसुली, दारू, शेणखरेदी, लोकसेवा आयोगाच्या निवडी अशी प्रकरणे प्रचारात होती. भ्रष्टाचाराचा मुद्दा इतक्या पद्धतशीरपणे, इतक्या साधनांनिशी मांडला गेलेली राज्याची निवडणूक मी तरी अलीकडे पाहिलेली नाही. म्हणूनच तिचा निकाल बारकाईने वाचण्याजोगा आहे.

मी जेथे उतरलो होतो तेथील एक चमत्कारिक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून देतो. भिलाई-३ हे अहिवारा या राखीव मतदारसंघात मोडते, तर बघेल लढत होते शेजारच्या पाटणमधून. म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या शेजाऱ्यांना आपल्या प्रसिद्ध शेजाऱ्याच्या बाजूने वा विरोधात मत देण्याची सोय नव्हती. त्यांना केवळ त्याच्या पक्षाविषयी मत देता येत होते. दोन मतदारसंघ, मधे एक सीमारेषा, बातम्या त्याच, आरोप तेच.

सहकाऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई अहिवाऱ्याकडच्या एका खेड्यातली. मी तिला त्या आकड्याविषयी विचारले. प्रशासनात आयुष्य काढलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याची खोड जात नाही. तिने प्रथम मलाच विचारले, की पाचशे कोटी म्हणजे किती खोल्या भरतील. मग म्हणाली, “साहेब, वरची मंडळी खातात हे काय मला आज कळलं? पण सासऱ्यांचं नाव घरकुलाच्या यादीत आहे, आणि पाच वर्षं झाली, भिंत उभी राहिली नाही. ते घर कोणी खाल्लं, ते सांगा.” तिला मोठ्या आकड्याचा राग आला नव्हता. राग होता तो यादीत नाव असूनही न आलेल्या हप्त्याचा.

तिचे बोलणे हवेतले नव्हते. जुलै २०२२ मध्ये बघेल यांचेच ज्येष्ठ मंत्री टी. एस. सिंहदेव यांनी पंचायत खाते सोडताना लिहिले होते, की निधीअभावी गरिबांची आठ लाख घरे उभी राहू शकली नाहीत. विरोधकांनी हे पत्र हातचे सोडले नाही. ‘मोर आवास, मोर अधिकार’ ही त्यांची मोहीम रायपूरपासून खेड्यापर्यंत गेली, आणि पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत अठरा लाख घरांना मंजुरी देण्याचे वचन जाहीरनाम्यात आले. (घरांचा प्रश्न उघडपणे मांडणारे सिंहदेव स्वतः अंबिकापूरमध्ये अवघ्या ९४ मतांनी पडले. राजकारणात न्यायाची अपेक्षा करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.)

आणखी एक नोंद. ४ नोव्हेंबरला, म्हणजे सक्तवसुली संचालनालयाच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, पंतप्रधानांची दुर्गला सभा झाली. यांनी महादेवाचे नावही सोडले नाही, असा टोला त्यांनी लगावला आणि वृत्तपत्रांनी तो मथळ्यात घेतला. परंतु त्याच भाषणात त्यांनी मोफत धान्याची योजना पुढील पाच वर्षे चालू ठेवण्याची घोषणा केली. आरोपावर विसंबून राहता येत नाही हे आरोप करणाऱ्यांनाही पक्के ठाऊक होते. भाजपने धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटल खरेदी कबूल केली. काँग्रेसने ३२०० रुपये, २० क्विंटल आणि कर्जमाफी. भाजपने विवाहित स्त्रियांना वर्षाला १२ हजार देऊ केले आणि घरोघर अर्ज भरून घेतले. बघेल यांनी ऐन दिवाळीच्या दिवशी १५ हजारांची घोषणा केली. पण दुसऱ्या टप्प्याला तेव्हा पाचच दिवस उरले होते, आणि समोरच्या पक्षाचा भरलेला अर्ज बायकांच्या ट्रंकेत आधीच जाऊन पडला होता.

३ डिसेंबरला निकाल लागला. भाजप ५४, काँग्रेस ३५. दिल्लीतल्या अनेक विश्लेषकांनी त्याच संध्याकाळी निर्णय दिला की भ्रष्टाचाराने बघेल सरकारला बुडवले. ही वाक्ये मी माझ्या सहकाऱ्याच्या बैठकीत पाटणचा निकाल समोर ठेवून ऐकली. पाटणमध्ये बघेल १९ हजार ७२३ मतांनी विजयी झाले होते. विरोधात उभे होते त्यांचेच पुतणे, दुर्गचे खासदार विजय बघेल. याच पुतण्याने २००८ मध्ये काकांना तेथे हरवलेले होते. तेव्हा पाटण म्हणजे काकांची पिढीजात जहागीर असे म्हणण्याचीही सोय नाही. ज्याच्यावर थेट आरोप तो निवडून आला आणि लगतच्या अहिवाऱ्यात, जेथील उमेदवाराचे नाव त्या प्रकरणात कोठेही नव्हते, तेथे त्याचा पक्ष हरला.

आता राज्याची टक्केवारी पाहू. २०१८ मध्ये ६८ जागा मिळवणाऱ्या काँग्रेसला सुमारे ४३ टक्के मते होती; ३५ जागांवर घसरलेल्या काँग्रेसला २०२३ मध्ये ४२ टक्क्यांहून किंचित अधिक. जागा निम्म्यावर आल्या, मते एका टक्क्यानेही घटली नाहीत. भाजप मात्र ३३ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेला. ही मते कोठून आली? २०१८ मध्ये अजित जोगींचा पक्ष आणि बहुजन समाज पक्ष यांनी मिळून ११ टक्क्यांहून अधिक मते घेतली होती. २०२० मध्ये जोगी गेले, पक्ष विरघळला. एकूण आकड्यांच्या खाली मतदारांची ये-जा होतच असते, हे मान्य करून असे म्हणावेसे वाटते की आरोपांच्या भडिमाराने काँग्रेसचा मतदार फारसा हलला नाही. जे आधीपासून काँग्रेसबाहेर होते पण विखुरलेले होते, ते एका जागी आले. सरगुजा विभागातल्या चौदाच्या चौदा जागा पाच वर्षांपूर्वी काँग्रेसच्या होत्या, त्या चौदाच्या चौदा भाजपकडे गेल्या. बस्तरमध्ये मात्र बारापैकी चार काँग्रेसने राखल्या. आरोपपत्र तर दोन्हीकडे एकच होते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे १९८९ आठवते. बोफोर्सइतका गाजलेला आरोप स्वतंत्र भारताच्या निवडणुकांत क्वचितच सापडेल. राजस्थानात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही, उत्तर प्रदेशात ८५ पैकी १५. पण त्याच काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी २८ आणि आंध्रात ४२ पैकी ३९ जागा जिंकल्या. मराठवाड्यातल्या मतदाराला तोफेची दलाली समजली नव्हती असे मी मानणार नाही. उत्तरेत जनता दल आणि भाजप यांनी जागा वाटून घेतल्या होत्या, सरकारविरोधी मताला जायला एकच दार होते, आणि आरोपाने त्या दाराकडे बोट दाखवले.

महाराष्ट्राचा अनुभव याहून बोलका आहे. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये अ. र. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. १९८९ मध्ये कुलाब्याने त्यांना लोकसभेवर पाठवले. सिंचन प्रकरणाचे पुरावे बैलगाडीतून चितळे समितीकडे नेले गेले, ते छायाचित्र अनेकांना आठवत असेल. २०१४ मध्ये आघाडी सरकार गेले, पण ज्यांच्यावर रोख होता त्या अजित पवारांना बारामतीने जवळपास ९० हजारांच्या मताधिक्याने निवडले. जुलै २०२३ मध्ये तेच अजित पवार आरोप करणाऱ्यांच्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री झाले आणि २०२४ च्या निवडणुकीत, ‘लाडकी बहीण’च्या दीड हजारांच्या वर्षी, त्यांच्या पक्षाने ४१ जागा मिळवल्या. बैलगाडीचे काय झाले हे कोणी विचारले नाही.

मतदार अप्रामाणिक आहे, असा निष्कर्ष यातून काढणारे माझे काही निवृत्त मित्र आहेत. मला तो पटत नाही, आणि त्याला एक वैयक्तिक कारण आहे. नव्वदीच्या दशकात, मध्य प्रदेश एकसंध असताना, एका खेड्यातल्या सरपंचाची चौकशी मी केली होती. रोजगाराच्या कामावरची खोटी हजेरी, मृत माणसांच्या नावे उचललेली मजुरी. अहवाल चोख होता, अंगठ्यांचे ठसे तपासलेले होते. त्यावर पुढे काहीच घडले नाही. पंचायतीची निवडणूक आली आणि सरपंच पूर्वीपेक्षा अधिक मतांनी निवडून आला. दौऱ्यात एका म्हाताऱ्याला मी विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तुमचा कागद आम्हाला कोणी वाचून दाखवला नाही. त्यानं हातपंप बसवला, तो रोज दिसतो.” त्या माणसाने माझ्या अहवालापेक्षा हातपंपावर विश्वास ठेवला, यात त्याची चूक कोणती, हे मला आजतागायत सांगता आलेले नाही. शिक्षा देण्याचे काम ज्या यंत्रणेचे, तिने ते केले नाही. मग ते मतदाराने का करावे?

भ्रष्टाचाराचा मुद्दा खरोखर रुतला तो एका ठिकाणी, आणि तेथे कोटींचे आकडे लहान होते. राज्य लोकसेवा आयोगाच्या २०२१ च्या परीक्षेचा अंतिम निकाल मे २०२३ मध्ये लागला. निवड झालेल्यांत पदाधिकाऱ्यांचे आणि बड्या लोकांचे नातलग असल्याचा आरोप झाला. भिलाई हे शिकवण्यांचे गाव. येथे घरटी एक तरी मूल कोणत्या ना कोणत्या परीक्षेच्या तयारीत असते. सहकाऱ्याची भाची तिसऱ्यांदा मुलाखतीपर्यंत जाऊन परतलेली. महादेव ॲपचा विषय निघाला की ती उठून आत जाई. निवडयादीचा निघाला की तिला नावे आणि क्रमांक तोंडपाठ. तिच्या घरातली मते त्या वर्षी बदलली हे मला ठाऊक आहे. कर्नाटकात २०२३ च्या मे महिन्यात ‘४० टक्के कमिशन’ची हाक चालली, तीही कंत्राटदारांनी स्वतः तक्रार केली होती म्हणून, आणि सोबत पाच हमींची यादी होती म्हणून.

मला काळजी वाटते ती आरोपाच्या पुढच्या आयुष्याची. मतदानाच्या चार दिवस आधी उच्चारलेला आकडा निकालानंतर प्रचाराच्या फलकांबरोबर उतरवला जातो. मार्च २०२५ मध्ये दारू प्रकरणात सक्तवसुली संचालनालय आणि त्याच महिन्यात महादेव प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभाग पदुमनगरच्या त्या घरापर्यंत पोहोचले. दोष आहे की नाही हे न्यायालयच ठरवील, आणि ठरवायलाच हवे. पण मधल्या काळात गावाने आपले मत बनवून टाकले आहे. समर्थक म्हणतात, हे सूडाचे राजकारण. विरोधक म्हणतात, उशीर झाला. पुराव्याविषयी मला तेथे कोणीही विचारले नाही. जून २०२४ मध्ये बघेल शेजारच्या राजनांदगावमधून लोकसभेला ४४ हजारांनी हरले, तेव्हाही नाही.

गेल्या खेपेस भिलाई-३ ला गेलो असता ती बाई भेटली. सासऱ्यांचे घर मंजूर झाले, सज्जापर्यंत भिंती आल्या, हप्ते खात्यात जमा होत आहेत, हे तिने मोठ्या समाधानाने सांगितले. बांधकामाचा फोटो वेळेवर चढवून घेण्यासाठी कोणाला तरी हजार रुपये द्यावे लागले, हेही त्याच सुरात सांगितले. तक्रार का केली नाहीस, असे मी विचारले.

“एक लाख वीस हजारांचं घर आहे, साहेब,” ती म्हणाली, “हजारासाठी छप्पर अडकवून ठेवू?” आणि भांडी घेऊन आत गेली.