बघणारी मुले

ऑगस्ट 2025 मध्ये सातपूर परिसरात दहावीतल्या एका मुलाचा शिकवणीबाहेर, सोबतच्याच मुलांनी केलेल्या मारहाणीत मृत्यू झाला. कारण पुढे आले ते बाकावर बसण्यावरून झालेल्या वादाचे. अशी घटना घडली की मुले इतकी हिंसक का झाली, यावर आपण काही दिवस बोलतो. वर्गात रोज घडणारे, रक्त न सांडणारे प्रकार मात्र तसेच चालू राहतात.

दोन मुले भांडली, एकमेकांना ढकलले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळली, तर ते भांडण. बुलिंग वेगळे. नॉर्वेत या विषयाचा पाया घालणारे संशोधक डॅन ओल्वेयस यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू असतो, प्रकार वारंवार होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. बळ म्हणजे केवळ दंड नव्हे. एकाच्या मागे टोळके असते, दुसरा वर्गात नवा असतो. पेठ-सुरगाण्याहून शहरात शिकायला आलेले मूल, अंबडच्या कारखान्यात कामाला आलेल्या परप्रांतीय कामगाराचा मुलगा, घरी अहिराणी बोलणारी मुलगी, जाड, काळे, तोतरे बोलणारे मूल, ही सोपी सावजे. जातीवरून मारलेले टोमणेही याच खात्यात येतात. मराठीत आपण या सगळ्याला ‘मस्करी’ म्हणून मोकळे होतो. ज्याची केली जाते त्याला हसू येत नसेल, तर तो शब्द चुकीचा आहे.

शरीर हे सारे आधी सांगते. दर सोमवारी सकाळी पोटात दुखते आणि रविवारी मात्र दुखत नाही. ताप नसतो, तपासण्या स्वच्छ येतात. छळ सोसणाऱ्या मुलांत डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणे अशा तक्रारींचे प्रमाण इतर मुलांच्या साधारण दुप्पट असते, असे अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसले आहे. आणखीही काही गोष्टी पाहाव्यात. मूल घरी येताच तडक स्वच्छतागृहाकडे धावते का? शाळेतले स्वच्छतागृह ही अनेकांना भीतीची जागा वाटते, म्हणून ती दिवसभर लघवी रोखून धरतात. डबा संपतो, तरी मूल उपाशी असते का? पेन, कंपासपेटी वारंवार ‘हरवते’ का? व्हॅनऐवजी ‘बाबा, तुम्हीच सोडा’ असा हट्ट सुरू झाला का? व्हॅनमध्ये शिक्षक नसतात आणि चालकाचे लक्ष रस्त्यावर असते, हे विसरू नये.

‘मोठे झाल्यावर विसरतील’ ही समजूत तर सोडूनच द्यावी. ब्रिटनमध्ये 1958 साली जन्मलेल्या हजारो मुलांचा पन्नाशीपर्यंत पाठपुरावा झाला. सातव्या आणि अकराव्या वर्षी वारंवार छळ सोसलेल्यांत पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता अधिक आढळली.

मग करायचे काय? घरातून मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे ‘तूही एक ठेवून दे’. बळ सारखे नसताना हा सल्ला मुलाला आणखी मार खायला पाठवतो. शाळेचा ठरलेला उपाय म्हणजे दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावणे. भांडण झाले असेल तर तो चालतो. छळ असेल, तर त्रास देणाऱ्यासमोर सोसणाऱ्याला पुन्हा एकदा उभे करण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही.

टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून केलेला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 88 टक्के प्रसंगांत इतर मुले तिथे हजर होती. मधे पडली ती फक्त 19 टक्के प्रसंगांत. पण ती मधे पडली, त्यातल्या 57 टक्के वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. त्रास देणाऱ्याला प्रेक्षक हवा असतो आणि तो मिळेनासा झाला की खेळातली गंमतच जाते. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच प्रेक्षकांवर काम करतो. त्याने छळ संपला नाही, कमी झाला, आणि तेही थोडे नाही.

आपल्या मुलाला ‘तुला कोणी त्रास देते का’ असे थेट विचारले, तर उत्तर बहुधा ‘नाही’ येते. ‘तुमच्या वर्गात एकटे कोण बसते?’ असे विचारून पाहावे. मग बरेच कळते, कधी कधी आपलेच मूल हसणाऱ्यांत असते हेही. तसे कळले तर ओरडू नये, पण सोडूनही देऊ नये. उद्या डबा खाताना त्या एकट्या मुलाशेजारी जाऊन बसायला सांगावे. अंगावर धावून जाण्यापेक्षा हे सोपे आणि सुरक्षित आहे.

तक्रार करायची वेळ आली तर ती लेखी करावी, तारखेसह. महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंगबंदी कायदा केवळ महाविद्यालयांचा समजला जातो. पण त्यातील शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत वसतिगृह आणि शिकवणीवर्गही येतात, आणि तक्रारीची चौकशी सात दिवसांत करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर ती धमकी समजू नये, त्याला एकटे सोडू नये. ‘टेली-मानस’चा 14416 आणि चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हे दोन्ही क्रमांक दिवसरात्र चालू असतात.