मशीन ठीक, पोस्ट चुकलेलं

भोसरीतल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, तीन दिवस बंद होतं आणि मशीनमध्ये कसलाच बिघाड नव्हता. कॅम सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली, सिम्युलेशनमध्ये टूल बिनचूक फिरलं. मशीनवर मात्र कोपऱ्याची गोलाई घेताना एंडमिल सरळ जॉबमध्ये घुसला. दोष पोस्ट-प्रोसेसरचा, म्हणजे सॉफ्टवेअरने आखलेला मार्ग कंट्रोलरच्या जी-कोडमध्ये उतरवणाऱ्या भागाचा. जी०२, जी०३ या कमानीच्या आज्ञांमध्ये आय आणि जे हे आकडे केंद्र सांगतात. बहुतेक कंट्रोलर ते कमानीच्या आरंभबिंदूपासून मोजतात, काही प्रोग्रामच्या शून्यापासून. एवढी एक निवड चुकली की कमान भलतीकडे जाते. जी-कोडचं आयएसओ ६९८३ हे प्रमाण १९८२ सालचं, तरी प्रत्येक कंट्रोलरची बोली वेगळी. म्हणून ग्राहकाच्या मशीनला जुळणारं पोस्ट देणं ही सॉफ्टवेअर विक्रेत्याचीच जबाबदारी आहे, असं मी ठामपणे म्हणतो. वर्षाची देखभाल फी आगाऊ भरलेली होती. तरी विक्रेत्याकडे मदत मागितली तेव्हा फोनवरच्या मुलाने आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला सांगितलं, मग स्क्रीनशॉट मागितले, मग ‘मशीनवाल्यांना विचारा’ म्हणाला. त्या मुलाचा मला राग नाही. त्याला कधी कोणी मशीनसमोर उभंच केलेलं नसावं. राग येतो तो त्याला तसाच फोनवर बसवणाऱ्यांचा. शेवटी आमच्या जुन्या ऑपरेटरकाकांनी चष्मा लावून कोड ओळीओळीने वाचला, कागदावर कमान काढली आणि चूक दाखवली. मित्राने ती दुरुस्ती विक्रेत्याला लेखी कळवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.