धन्यांची परीक्षा घ्या

माननीय आयुष मंत्री महोदय,


२०२३च्या पावसाळ्यात आळंदीकडून डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा आमच्या घरात चौघांचे डोळे आले. आईनं रात्री धने भिजत घातले, सकाळी पाणी फडक्यातून गाळून सगळ्यांचे डोळे धुतले. आठवड्यात सगळे बरे. मी गप्प बसलो, कारण शेजारच्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तेही आठवड्यातच बरे झाले होते. विषाणूमुळे आलेले डोळे बहुधा आपोआपच बरे होतात. श्रेय हाताशी असलेल्या वाटीला मिळतं.

तरी मी आईला हसत नाही. दारुहळदीचा काढा आटवून केलेलं रसांजन वैद्य डोळ्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. दारुहळदीतल्या बर्बेरिनचे थेंब खुपऱ्यांच्या रुग्णांवर सल्फासिटामाइड या औषधाशी तुलना करून तपासले गेले. ते निष्कर्ष १९८२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’त छापून आले. सल्फासिटामाइडनं लक्षणं थोडी अधिक उतरली, पण बर्बेरिनवाल्यांत दुखणं उलटलं नाही. रुग्ण मोजकेच होते, पण प्रश्न नीट विचारला गेला होता. असाच प्रश्न धन्यांना, त्रिफळ्याला आणि गुलाबपाण्याला विचारायला हवा. त्रिफळा काचेच्या बशीत जिवाणू रोखतो, हे ठाऊक आहे. पण डोळा म्हणजे बशी नव्हे, आणि रात्रभर उघडं राहिलेलं पाणी निर्जंतुक तर मुळीच नव्हे.

‘झाडपाल्यानं अपाय काय होणार?’ असं म्हणणाऱ्यांना रुईचा चीक दाखवावा. शनिवारी मारुतीसाठी माळ ओवताना तो डोळ्यात उडाला, तर नजर धूसर होते, पण दुखत फारसं नाही. म्हणूनच माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो. बंगालमधल्या नेत्रतज्ज्ञांनी २००९ साली अशा २९ डोळ्यांची हकिकत छापली होती.

मागणी साधी आहे. पुढच्या साथीत एका गटाला उकळून गार केलेलं पाणी द्या, दुसऱ्याला निर्जंतुक केलेलं धन्यांचं पाणी. कुणाला काय दिलं हे तपासणाऱ्यालाही कळू देऊ नका. निकाल धन्यांच्या विरोधात गेला तरी छापा. आणि तोवर एक मराठी पत्रक काढा: डोळ्यांवर थंड पाण्याची घडी चालेल, पाल्याचा रस, चीक आणि घरगुती काढा डोळ्यात नको, दुखत असेल, उजेड सोसत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाऊस लागायच्या आत ते पत्रक आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर दिसलं, तर आईला वाचून दाखवीन.

आपला,
एक पुणेकर